झिर्कोनियम फॉस्फेटच्या घरचं कार्य

"सोयरीक रीतसर ठरल्याशिवाय मी एकही लेक घराबाहेर पाठवणार नाही," असे झिर्कोनियम फॉस्फेटच्या भुकटीने मंगळवारी सकाळी शाल्मली कुरणेला सांगितले.

शाल्मली त्या भुकटीवर पीएच.डी. करत होती. भुकटी दिसायला रांगोळीसारखी पांढरी. आत मात्र थरांवर थर, आणि थरांच्या मधल्या जागेत सोडियम राहायचे. ते बाहेर काढून तिथे युरोपियम बसवले, की अतिनील दिव्याखाली भुकटी लाल उजळते. दुपारी बाहेरगावच्या परीक्षक डॉ. खडके तेच पाहायला येणार होत्या. लाल उजेड पडला नाही तर पदवीही नाही.

"अहो, नुसती अदलाबदल तर आहे," शाल्मली काकुळतीने म्हणाली.

"अदलाबदल भांड्यांची होते. हे साटंलोटं आहे. माझ्या सोडियम लेकी जाणार, माझ्या थरांची नवरी होऊन युरोपियम सून येणार."

शाल्मलीने मार्गदर्शक बिडवे सरांना बोलावून आणले. ते विभागप्रमुखही होते. त्यांनी चष्मा पुसला आणि भुकटीसमोर खुर्ची घेतली.

"एका युरोपियमच्या बदल्यात तीन सोडियम द्यावे लागतील," ते म्हणाले. "विद्युतभाराचा हिशेब तसाच आहे."

"एका सुनेपायी तीन लेकी?" भुकटी फणकारली.

"प्रत्येक युरोपियमला तीन भाऊ आहेत. नायट्रेट. तिघेही बिनलग्नाचे. सख्ख्या बहिणी एकाच घरात जावा-जावा होतील. वाईट काय त्यात?"

भुकटी जरा निवली. "घर कसलं आहे त्यांचं?"

"पाण्याचं. ऐसपैस."

"आणि माहेरपण?"

"ही प्रक्रिया उलटीही होते," सर म्हणाले.

भुकटीने होकार दिला. सरांनी प्रयोगशाळेत शुभकार्य करायला तोंडी परवानगी दिली, मात्र अक्षता चंचुपात्रात पडू नयेत अशी अट घातली. गाळणकागदाचा अंतरपाट त्यांनी स्वतः धरला. शाल्मलीने घसा खाकरून मंगलाष्टके म्हटली. 'सावधान' झाले, कागद बाजूला झाला आणि तिने भुकटी युरोपियम नायट्रेटच्या पाण्यात सोडून ढवळायला सुरुवात केली.

दुपारी डॉ. खडके आल्या. भुकटी गाळून, वाळवून तयार होती. शाल्मलीने खोलीत अंधार केला आणि अतिनील दिवा लावला. उजेड पडला, पण फिकट, आजारी गुलाबी.

"थरांत पाणी राहिलंय," डॉ. खडके म्हणाल्या. "पाण्यानं युरोपियमचा उजेड मंदावतो. पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा."

शाल्मलीने भुकटीजवळ कान नेला. "ओव्हननं जाणार नाही, मॅडम. ती रडतेय."

"अगं बाई!" डॉ. खडके खुर्चीवर टेकल्या. "पाठवणी झाली का आत्ताच? मग आधी मुलींची खुशाली आणा."

शाल्मली गाळून ठेवलेल्या पाण्याकडे धावली. तिथे सोडियमचा एकच गलका चालला होता. सगळ्या एकदम बोलत होत्या. बरेच ऐकून घेतल्यावर ती परत आली.

"त्या म्हणतात, इथं दिवसभर पोहायला मिळतं. थरांत कूस बदलायलासुद्धा जागा नव्हती. आणि नवरे सांगितलेलं ऐकतात."

"ऐकतात?" भुकटीने हुंदका आवरला. मग तिला हसू फुटले. हसता हसता ती कोरडी होत गेली, आणि आत इतका वेळ संकोचून बसलेली युरोपियम उजळली. लखलखीत लाल. सरांचा चष्मा, डॉ. खडक्यांचे पांढरे केस, भिंती, छत, सगळे लाल झाले. शाल्मलीने आनंदाने टाळ्या पिटल्या.

"सून गुणाची आहे हो," भुकटी म्हणाली.

"प्रबंध मान्य," डॉ. खडके म्हणाल्या. "अभिनंदन, डॉक्टर कुरणे."

तेवढ्यात कपाटातल्या बाटलीतून युरोपियमच्याच गोतातल्या टर्बियमने घसा साफ केला. आपला उजेड हिरवा आहे, स्वभाव शांत आहे, आपलेही तीन नायट्रेट भाऊ बिनलग्नाचे आहेत आणि या घरात अजून लग्नाच्या मुली असतील तर आपण साट्यालोट्याला इच्छुक आहोत, असे तिने कळवले.

बिडवे सरांनी खुर्ची कपाटाकडे वळवली. डॉ. खडके मुलींच्या बाजूने बसल्या. आणि डॉक्टर शाल्मली कुरणे कांदेपोहे सांगायला कॅन्टीनकडे निघाली.