ठेवीतलं दार

आमच्या गावात पैसा म्हणजे दार. मोड हवी असली तर खिडकी, चिल्लर म्हणजे कड्या नि कोयंडे. सावकाराच्या परसात दारं एकावर एक रचलेली असतात आणि गरिबाच्या उंबऱ्यावर गोणपाट लोंबतं. यात हसण्यासारखं काही नाही. तुमचा पैसा कागदाचा. त्याने वारासुद्धा अडत नाही.

दार घेणारा आधी ते ठोकून पाहतो. आवाज बद्द आला, किंवा फळीवर ओरखडा दिसला, की दार खोटं. खोटं दार मोलात चालत नाही.

माझ्याकडे एकच दार होतं, सागवानी. लेक शेवंता बाळंतपणाला आली, तेव्हा ते सुईणीसाठी राखून ठेवलं. त्याच आठवड्यात बिबट्या गावात उतरला आणि कुंभाराची शेळी गोणपाटामागून घेऊन गेला.

शेवंताला कळा सुरू झाल्या तेव्हा दिवस कलला होता. तुळसा सुईण येऊन उंबऱ्याबाहेर थांबली. मोल घेतल्याशिवाय सुईण आत पाऊल टाकत नाही, तशी रीतच आहे. तिने दार ठोकलं, फळीवरून हात फिरवला.

"चोख आहे. काढ बिजागरीतून."

"आणि रात्रभर इथं काय तुझा पदर बांधू?"

"म्हाळसे, मोल ते मोल."

"दिलं ना. या घटकेपासून दार तुझं. पण पाठीवर दार घेऊन टेकडी चढशील कशी? मागून तो येईल. माझ्याकडे ठेव म्हणून राहू दे."

"ठेवीला काही झालं तर?"

"ज्याचं दार, त्याचं नुकसान. हा कायदा मी केलेला नाही."

आतून शेवंता म्हणाली, "आई, तुमचा बाजार नंतर करा गं."

तुळसा आत आली. मी कडी घातली.

अंधार पडतोय न पडतोय तोच ओटीवर पावलं वाजली. मग नखं. मी दाराला पाठ लावून बसले. फळी आत दबत होती, फटीतून त्याचा श्वास मानेला लागत होता. तुळसाचे हात शेवंतापाशी आणि डोळे दाराकडे.

"माझं दार खरवडतोय गं तो."

"बाळाचं डोकं दिसतंय का, ते बघ."

ती अर्धी उठली. तेव्हा ती पुरती उठली असती तर माझी लेक गेली असती. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती परत बसली. पुष्कळ वेळाने बाळ रडलं, आणि बाहेरची नखं थांबली.

सकाळी दारावर चार खोल ओरखडे होते. तुळसाने प्रत्येकात बोट घालून पाहिलं.

"खोटं झालं."

"तुझंच आहे. ने."

"काय करू नेऊन? राहू दे इथंच. पोरीच्या घराला दार असावं. आता हे तुझ्याकडे मोलात कुणी मागायचं नाही."

तिचं ते बोलणं गावाने ऐकलं. ज्यांच्याकडे एखादंच दार होतं, ते संध्याकाळी आपलं दार रानाच्या कडेला टेकवून ठेवू लागले. बिबट्या ओरखडे काढून देतो. एका दाराला एक खिडकी घेतो, तोंडात धरून नेतो.

परवा त्याने तुळसाच्या अंगणात खिडक्या आणून टाकल्या. तिने ठोकून पाहिल्या. दाराचं मोल पुरं होत होतं. कुंभारालाही शेळीपायी एक खिडकी मिळाली. तो म्हणतो, शेळी गाभण होती, वर एक कोयंडा पाहिजे.

कुंभार रोज दुपारी जाऊन बसतो रानाच्या कडेला. बोलणी चालू आहेत.