प्रोटीन सरदारांची राहुरीवर स्वारी

गणरायास नमन करून, चाबूक खुंटीस टांगून, ही हकीकत लिहिली जाते. ज्यांनी घोडी पाळिली नाही त्यांनी यात उणे काढू नये. ज्यांनी पाळिली ते आपोआप गप्प बसतील.

शके अठराशे पासष्ट. विलायतेत लढाई पेटली आणि तिच्या धगीने राहुरीच्या बाजारातून हरभरा परागंदा जाहला. कसबे मजकुरी सहादेव टांगेवाले, त्यांची अश्वराज्ञी चिमणी, चंदीवाचून खंगली आणि बरगड्या दिसो लागल्या. अशात हुकूम सुटला की, पौषअखेर नगराहून अंमलदार येतील, टांग्यांची घोडी तपासतील, खंगल्या घोडीचा परवाना जप्त करितील. परवाना गेला म्हणजे सहादेवांची दौलत बुडाली आणि चूल थंडावली.

ते समयी दत्तोपंत, निवृत्त कारकून, हल्ली एका परमुलखी कारखान्याचे अडत्ये, तयार अश्वखाद्याचे पोते घेऊन चालून आले. आणि निवेदिले की, यात प्रोटीन नामे सरदार सोळा टक्के फौजेनिशी उतरले आहेत, दिमतीस पेंड, मळी, मीठ आणि काही गुप्त द्रव्ये. महिन्यात घोडी पुष्ट न जाहल्यास आम्ही नाव लावणार नाही. सरदारांस कोणी पाहिले नव्हते. तरी सहादेवांनी तोबरा भरिला आणि चिमणीच्या मुखास बांधिला. चिमणीने हुंगिले, मान झटकिली आणि सारी फौज पंतांच्या धोतरावर उधळिली. मग चुचकारणे जाहले, मग गुळाची लालूच जाहली, मग शिव्या जाहल्या, आणि मग

(येथे पानाचा कोपरा नाही. घोडीने खाल्ला. पोत्यातले मात्र खाईना.)

तेव्हा सहादेवांची आज्ञा जाहली की, पंतांनी स्वतः खाऊन दाखवावे, म्हणजे घोडीस भरवसा येईल. पंतांनी कारखान्याच्या इभ्रतीस्तव चिमूट घेतली, खारट, खमंग, ऐसी तारीफ केली आणि वर मूठभर घेतली. चिमणीने पाठ फिरविली. इतक्यात गल्लीतील मांजरांनी येऊन पोत्यास वेढा दिला, आणि एक मांजर पंतांची बोटे चाटो लागले.

सहादेवांचे कुटुंब छबूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंत, मांजरं पेंडीला येत न्हाईत. ह्यात सुकट हाय."

सरदारांचे मूळ ठाणे समुद्रात निघाले. वाळून, कुटून ते पोत्यात शिरले होते. पंत सोवळ्यातले. ते घागरभर पाण्याने चुळा भरो लागले.

सहादेव म्हणाले, "वैनीस्नी मी काय सांगनार न्हाई, पंत."

"मी बी न्हाई," छबूबाई म्हणाल्या. "मांजरांचं आपल्याला म्हाईत न्हाई."

मग तह जाहला. पंतांच्या कोठीत पुरणासाठी राखिलेला हरभरा मागील दाराने रोज निघो लागला आणि चिमणीच्या तोबऱ्यात दाखल होऊ लागला. पौषअखेर अंमलदार आले, त्यांनी बरगड्या चाचपिल्या, एकही हाती लागली नाही, आणि परवाना कायम जाहला.

विजयात न्यून इतकेच की, चिमणी अद्याप पंतांच्या दारी टांगा उभा करिते आणि मूठभर हरभऱ्याखेरीज पाऊल उचलीत नाही. पंतांचे कुटुंब सरोजिनीबाई पुसतात की, ही आपल्याच दारी का थांबते. पंत म्हणतात, "पूर्वजन्मीचे काही असेल."

दारी मांजरही असते.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती नमूद केली. शिक्का: एक टाप, पंतांच्या ओट्यावर.