हौसावहिनींचं बिनचावीचं कुलूप

साल दोन हजार चोवीस. मला बाहत्तरावं चालू होतं आणि आमच्या समोरच्या हौसावहिनी रोज सकाळी भाजी घेऊन आल्या की स्वतःच्याच बंद दारापुढं डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या. एखाद्या वडीलधाऱ्यापुढं उभं राहावं तशा. मान खाली घालून दाराला म्हणायच्या, "अहो, ऐकलं का? मी आलेय. उघडा की."

दार काही उघडायचं नाही.

मग लाडीगोडी. "अहो, मेथी सुकाया लागली." मग राग. "असं करायचं असतं का? शेजारीपाजारी बघत्यात."

शेजारी म्हणजे मी. निगडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं, त्यांचं आणि माझं. दुसरं कोण बघणार?

कुलूप त्यांच्या नितीननं बसवलेलं. तो बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. आई एकटी राहते म्हणून त्यानं महागाचं कुलूप आणलं. मी बघायला गेलो तर त्याला चावीचं भोकच नाही! भोक नाही ते कुलूप कसलं? नितीन म्हणाला, "काका, आता बोट लावायचं." वहिनींनी बोट लावलं. कुलूप गप्प. चाकणजवळच्या गावात अर्धा जन्म गेलेला, खुरपं, शेण, भाकरी. बोटावरच्या रेषा कधीच झिजून गेलेल्या. नंबर दाबावा तर आकड्यांची ओळख नाही. शेवटी त्यानं बोलून उघडायची सोय केली. आईच्या फोनमध्ये एक बाई बसवली. वहिनींनी बाईला सांगायचं, बाईनं कुलपाला सांगायचं. बाई दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकणार नाही, वहिनींचाच ऐकणार.

आणि ती वहिनींचाही ऐकत नव्हती.

वहिनी "उघडा" म्हणाल्या की बाई विचारायची, "कोणतं दार?"

"हेच की गं. माझं."

"माफ करा, मला समजलं नाही."

"मग कशाला बसलीस तिथं?"

एकदा त्या चिडून म्हणाल्या, "कोणतं बी उघड बाई!" तर पोराचं बंगळूरचं दार उघडलं. सून घरात केस विंचरत होती, तिची बोबडी वळली. दोन्ही घरांची कुलपं त्या एकाच फोनमध्ये होती, हे मला पुढं कळलं.

एरवी दार अडलं की वहिनी पोराचा फोटो दाबून त्याला फोन लावायच्या आणि तो तिथून बटण दाबून उघडायचा. पण तो मीटिंगमध्ये असला की वहिनी जिन्यात बसून राहायच्या. आमच्या घरी या म्हटलं तर यायच्या नाहीत. "माझं घर हाय की समोर," म्हणायच्या. एका उन्हाळी दुपारी जिन्यातच त्यांना चक्कर आली. तेव्हा नितीननं सांगून टाकलं, "आई, रविवारी येतो. तोवर तुला दार उघडता आलं तर ठीक, नाहीतर फ्लॅट बंद करून तुला इकडं घेऊन येणार."

वहिनी माझ्याकडं आल्या. "भावजी, मला न्हाई जायचं. काय तरी करा."

आता माझी शाळा चौथीपर्यंत. पण चिंचवडच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं फिटर होतो. जे माणसानं जोडलं ते मी खोलू शकतो. त्या आठवड्यात मी ते कुलूप तीनदा खोललं. सेल बदलले. चौकटीतला पत्रा कानशीनं अर्धं सूत घासला. खोबरेल सोडलं. आमची बायको दारातून म्हणाली, "कुलूप दुरुस्त करताय का सोलताय?" दोन स्क्रू उरले होते, ते खिशात ठेवले. मदतीच्या नंबरवर फोन केला तर एक पोरगी म्हणाली, "सर, रीस्टार्ट करून बघा." मी म्हणालो, "पोरी, दार आहे, ट्रॅक्टर नाही."

यंत्रात काही खोट नव्हती. आतून हातानं फिरवलं की लोण्यासारखं फिरायचं. मग घोडं अडलं कुठं?

हौसावहिनींचे मालक आणि मी एकाच बेंचवर कामाला होतो. फ्लॅटही बरोबर घेतले. पहिल्या पाळीला निघताना मी त्यांच्या दारात उभा राहून हाक मारायचो, "आवर रे, बस जाईल!" आतून उत्तर यायचं ते वहिनींचं. "चहा घेत्यात, आलेच." अठ्ठावीस वर्षं हेच. त्याला जाऊन आता चार वर्षं झाली.

वहिनींनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी अडवून धरायच्या, तर ह्या म्हणायच्या, "दूध ठेवलंय गॅसवर," आणि पळायच्या. ते दूध पंचवीस वर्षं तापत होतं. बँकेत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं तर रेशनकार्ड पुढं सरकवायच्या. आणि हॉस्पिटलमध्ये त्या शेवटच्या दिवशी नर्सनं कागदावर लिहायला पेशंटचं नाव विचारलं, तेव्हाही त्या माझ्याकडं वळल्या. "भावजी, तुमी सांगा."

मी सांगितलं होतं.

तर शनिवारी सकाळी मी हार मानली नाही, पण नितीनला फोन लावला. वहिनी बाजूलाच, बंद दारापुढं पिशवी घेऊन उभ्या.

"कुलूप चांगलं आहे," मी म्हणालो. "तुझी ती बाई बहिरी आहे."

"काका, आई नाव घेते का?"

"कुणाचं?"

"दाराचं. दोन दारं आहेत ना, म्हणून दोन्हींना नावं दिलीत. रिटायर झाल्यावर दादा कायम दारापाशी स्टूल टाकून बसायचे. मी कधीही येवो, बेल वाजवायच्या आत उघडायचे. म्हणून त्या दाराला त्यांचंच नाव ठेवलं. 'सोपान उघड' एवढंच म्हणायचं. तिला दहादा सांगितलंय."

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी पिशवीतल्या मेथीकडं बघितलं.

"वहिनी, हे मला का नाही सांगितलं? मी आठवडाभर पत्रा घासतोय."

"कसं सांगणार, भावजी? नाव घ्यायचं ते घ्यायचं, वर 'उघड'? त्यांना अरे-तुरे करू?"

मी नितीनला म्हणालो, "नाव बदल. दुसरं काहीही ठेव. आंबा ठेव, फणस ठेव."

"दोन मिनिटांचं काम आहे, काका. आत्ता बदलतो."

"न्हाई!" वहिनी एवढ्या मोठ्यानं बोलल्या की आमची बायको बाहेर आली. "बदलायचं न्हाई. ठेव फोन."

मी फोन ठेवला. मलाही राग आला होता. "मग जा बंगळूरला. नाव घ्यायचं नाही, बदलू द्यायचं नाही. काय करावं माणसानं?"

वहिनी भिंतीला टेकल्या. "त्यानं बसवलं त्या दिवशी, माझा आवाज भरायच्या आधी, सोता बोलून दाखवलं होतं. तवा ती बाई बोलली, '... उघडत आहे.'" म्हणताना त्यांनी नाव गाळलं, तिथं नुसता श्वास घेतला. "चार वर्सांत ह्या घरात त्यांचं नाव तेवढं एकदा ऐकलं. पोरगा दादा म्हणतो. बिल्डिंगमधली काका म्हणत्यात. मी तर घेत न्हाईच. तुमी घ्यायचा, भावजी, तुमी पण सोडलं. 'तो' म्हणता."

खरं होतं. नर्सला सांगितलं, ते शेवटचं. त्यानंतर ते नाव ओठावर आलं की मी दुसराच विषय काढायचो. वर सुद्धा लिहिताना मी 'वहिनींचे मालक' असंच लिहिलंय, बघा.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. पदर नीट केला.

"भावजी, जरा तोंड फिरवा."

मी फिरवलं. माझ्या स्वतःच्या दारावरची पाटी वाचत उभा राहिलो. बायकोनंही मान वळवली. पाठीमागून आवाज आला, बारीक, पोरीसोरींचा असतो तसा.

"चाकणचा कांदा अन् मावळचा भात, सोपानराव, दार उघडा, मी उभी दारात."

फोनमधली बाई जरा थांबली. मला वाटलं, आता म्हणणार, समजलं नाही. पण ती म्हणाली, "सोपान उघडत आहे." आणि कुलूप टिर्र करून फिरलं.

मी वळलो तर वहिनी आत गेल्याच नव्हत्या. उघड्या दाराकडं बघत होत्या. मग त्यांनी ते ओढून परत लावलं.

"आता का लावलं?" मी विचारलं.

"नीट बसतंय का बघते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते सात वेळा बघितलं. मी घरातून टिर्र मोजत होतो. मधेच नितीनला फोन करून सांगितलं, "न्यायला येऊ नकोस. भेटायला ये." खिशातले दोन स्क्रू मी डब्यात टाकले. त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेपाचला उठलो, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोरच्या दारापुढं जाऊन उभा राहिलो. माझ्या आवाजानं ते उघडत नाही, हे मला माहीत होतं. तरी घसा साफ करून मी हाक मारली, "सोप्या! आवर रे, बस जाईल!"

आत भांडं वाजलं. मग जरा वेळानं वहिनींचा आवाज आला.

"चहा घेत्यात, आलेच."

मी जिन्यात थांबलो.