शैलाताईंचा रिव्हर्स गिअर

शैलाताई फणसळकरांची गाडी फक्त पुढे जायची. अकरा वर्षं तिला रिव्हर्स गिअरच नव्हता, आणि याचं ताईंना काडीचंही वाटत नसे. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "काहून लागतो रिव्हर्स? आधी डोकं चालवलं की नाही लागत."

बँकेनं माझी बदली जबलपूरला केली तेव्हा मी तिथल्या गोरखपूर मोहल्ल्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो. ताई अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तयार झालेल्या भागांची मापं तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली. नोकरी संपली, मापं संपली नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी नारळाच्या वड्या दिल्या, तर दोन वड्या शेजारी धरून त्या म्हणाल्या, "छान आहेत. ही मात्र दोन मिलिमीटर जाड आहे, बरं का साहेब."

गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वय साठ, रंग हळदीच्या दुधाचा, गोल डोळे आणि गिअरचा दांडा थेट स्टिअरिंगला. रिव्हर्स नव्हता तो नव्हताच, वर दुसरा गिअर टिकत नसे. चढ आला की तो आपोआप सुटायचा. म्हणून शेजारी बसणाऱ्याला काम असे. "साहेब, दुसरा धरा!" अशी आज्ञा झाली की मी दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायचा. बँकेत मी शाखा सांभाळत होतो आणि ताईंच्या गाडीत दुसरा गिअर. दुसऱ्या कामात शिव्या जास्त पडत.

कुठंही जायचं तर ताई आधी कागदावर नकाशा काढत. शिरायचं कुठून, निघायचं कुठून. जिथून समोरच्या बाजूनं बाहेर पडता येत नाही, तिथं त्या जातच नसत. त्यापायी किराण्याचं जवळचं दुकान त्यांनी सोडलं होतं आणि तीन किलोमीटर लांबचं धरलं होतं.

एकदा मात्र नकाशा फसला. बाजारामागच्या अरुंद रस्त्यात समोरून वरात आली. बँड, दिवे, घोडा, घोड्यावर नवरदेव. वऱ्हाडी ओरडायला लागले, "आंटीजी, गाड़ी पीछे लो!" ताईंनी काच खाली केली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "भैया, घोड़ा पीछे जा सकता है, मेरी गाड़ी नहीं जा सकती." पाच मिनिटं वाद झाला. मग खरंच घोडा मागे चालवला. बँड वाजतच होता. चाळीसएक पावलं नवरदेव आमच्याकडे तोंड करून मागे मागे जात राहिला, आणि ताई त्याला हात हलवून आशीर्वाद देत राहिल्या.

मी कितीदा तरी म्हटलं, "ताई, गिअरबॉक्स एकदा उघडा ना." उत्तर ठरलेलं. "चालून राहिली ना? मग?"

गेल्या जानेवारीत एका सकाळी मी दूध घ्यायला खाली आलो, तर ताई पायरीवर फोन हातात घेऊन बसल्या होत्या. फोनवरचं बोलणं संपलेलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साहेब, आज कुणाकडून गिअरबॉक्स उतरवून घेऊ?"

दुपारपर्यंत गोरखपुरातले लेथवाले रफीकभाई आपला माणूस घेऊन आले. संध्याकाळी गिअरबॉक्स ताईंच्या जेवणाच्या टेबलावर होता. तो पाच आठवडे तिथंच राहिला. ताई ताट मांडीवर घेऊन जेवत. कणकेच्या परातीत रॉकेल ओतून एकेक गिअर धुतला जाई, आणि मला मिळणाऱ्या पोळ्यांना तो वास महिनाभर होता. बेअरिंगं गेलेली होती, दुसऱ्या गिअरची पितळी कडी झिजून गुळगुळीत झाली होती. ते सगळं शोधाशोध करून मिळालं. रिव्हर्सचा छोटा गिअर मात्र कुठंच मिळेना. त्याचे चार दात तुटले होते.

तो गिअर पुसता पुसता ताई बोलल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"दादाचा फोन नव्हता तो. वहिनीचा होता."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, हे मला तेव्हा कळलं. शहरातल्याच दीक्षितपुऱ्यात, एका बंद गल्लीच्या टोकाला राहणारे. वडील गेल्यावर दादा म्हणाले होते, हे डबडं भंगारात द्या. ताईंचा आवाज चढला, त्यांचाही चढला. "मी तशीच गाडीत बसले. रागात क्लच पूर्ण दाबलाच नाही, दांडा हाणला. गल्लीभर कर्रकर्र करत मागे आणली. दात तेव्हाच गेले." अकरा वर्षं बोलणं नाही.

"आणि आता?"

"पाय गेले त्याचे. धरून एखादं पाऊल टाकतो, तेवढंच. पावसाळ्यापासून घराबाहेर नाही आला. चार लोकांनी उचलून नेलेलं चालत नाही त्याला. भाड्याची गाडी गल्लीत शिरत नाही, रिक्षात चढवत नाही त्याला. वहिनी म्हणे, नर्मदा पाहायची म्हणून राहिला सारखा." त्यांनी गिअर उजेडात धरला. "शिरायला मी शिरेन. निघणार कशी?"

रफीकभाईंनी नवा गिअर कापून आणला. ताईंनी मायक्रोमीटर लावला आणि परत दिला. दुसरा आणला, तोही परत. रफीकभाई वैतागले. "दीदी, बाल बराबर फ़र्क़ है!"

"रफीकभाई, पूरी नौकरी बाल ही तो नापती रही मैं."

तिसरा पास झाला. मला टेप देऊन त्यांनी गल्ली मोजायला पाठवलं, कारण स्वतः त्या घरासमोर उभं राहायची तयारी अजून नव्हती. सगळ्यात अरुंद जागी गाडीच्या दोन्ही बाजूंना चार चार बोटं उरत होती. ताईंनी अंगणात आठवडाभर दोन ओळींत कुंड्या मांडून गाडी मागे घ्यायचा सराव केला. सहा कुंड्या गेल्या.

आणि एका रविवारी दुपारी आम्ही दीक्षितपुऱ्यात शिरलो. मी मागच्या सीटवर. दारात खुर्चीवर दादा बसले होते, कानटोपी, स्वेटर, मांडीवर घडी केलेली शाल. खुर्चीपासून गाडीचं दार एका पावलावर येईल अशी ताईंनी गाडी उभी केली. दादांनी दाराला धरलं, उठले आणि कुणाचा हात न घेता आत बसले. समोरच्या काचेतून बघत राहिले. ताईही समोर बघत होत्या. वहिनींनी बाहेरून दार लावलं.

ताईंनी क्लच दाबला. पूर्ण दाबला. दांडा सरकला, आवाज नाही झाला.

"साहेब, मान खाली घाला. मागचं दिसून नाही राहिलं."

मी सीटवर आडवाच झालो. गाडी हलली. भिंती दोन्ही खिडक्यांना घासतील इतक्या जवळून जाऊ लागल्या. ताईंचा श्वास मला ऐकू येत होता. दादांनी सीटच्या पाठीला धरून हळूच मान वळवली, मागच्या काचेतून पाहिलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "येऊ दे."

ताईंनी गाडी थोडी सोडली.

"येऊ दे... येऊ दे. डावीकडं पायरी आहे जोशांची. हां. सरळ कर. येऊ दे, शैले."

"पाहून राहिले ना मी," ताई म्हणाल्या.

"तू समोर पाहते नेहमी. मागचं मी पाहतो. येऊ दे."

गल्ली संपली. मागे मोकळा चौक होता, दोन सायकली आणि एक झोपलेली गाय सोडली तर काहीच नव्हतं. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. तरी दादा म्हणत होते, येऊ दे, येऊ दे, आणि ताई गाडी मागे मागे घेत होत्या.