कितोगोच्या पाणथळीत लोकसहभाग

कितोगोची पाणथळ लोकसहभागाविनाच टिकून आहे, ही गंभीर बाब कंपालातल्या प्रकल्प कार्यालयाच्या निदर्शनास आली, तेव्हा तिला टिकून तीसेक वर्षं झाली होती. मी तेव्हा वस्तीच्या समितीचा चिटणीस होतो. आजही आहे. अशी पदं पाण्याखाली जात नाहीत.

तोवरची पद्धत अगदीच अशास्त्रीय होती. पाणथळीच्या काठावर जज्जा नाकायिझा राहायची. जज्जा म्हणजे आजी, आणि ती सगळ्या वस्तीचीच होती. पाण्यातलं पपायरसचं गवत कापून ती चटया विणायची. भराव घालायला मातीचा ट्रक आला, की पाण्याचा पिवळा कॅन उलटा धरून काठीनं बडवायची. तो आवाज ऐकला की बायका मटोकेची केळी सोलायची टाकून धावत यायच्या आणि वाटेवर फतकल मारून बसायच्या. ट्रक मागे फिरायचा. ना ठराव, ना इतिवृत्त, ना फोटो.

"पण यात लोकसहभाग कुठंय?" प्रकल्प अधिकारी आतुहाइरेबाईंनी पहिल्याच सभेत विचारलं.

"बाई, गुडघाभर चिखलात उभ्या असतो आम्ही," जज्जा म्हणाली. "अजून किती आत जाऊ?"

"ते उत्स्फूर्त झालं, जज्जा. आम्हाला नियोजित हवंय."

मग नियोजन झालं. कॅन बडवण्याला 'पूर्वसूचना यंत्रणा' असा दर्जा मिळाला. यंत्रणा म्हटली की कार्यपद्धती आलीच. ट्रक दिसला की जज्जानं मला कळवायचं, मी उपसमिती बोलवायची आणि दोन तृतीयांश सभासद जमले की कॅन वाजवायला मंजुरी द्यायची. पहिल्या ट्रकची मंजुरी चौथ्या दिवशी निघाली. जज्जानं कॅन वाजवला तेव्हा मातीच्या ढिगावर कुणाचीतरी बकरी उभी होती. वरातीमागून घोडं, असं काही लोक म्हणाले. ते अप्रशिक्षित होते.

म्हणून प्रशिक्षण ठरलं. तीन दिवसांची कार्यशाळा, शहराच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवरच्या हॉटेलात. कारण पाणथळीत डास फार. वस्तीतलं प्रत्येक मोठं माणूस बसमध्ये घातलं. मागे राहील तो लोकांत धरला जाणार नाही, असं परिपत्रकच होतं. ट्रकांचे मालक कामोगासाहेब यांनाही बोलावलं होतं, कारण पाणथळीशी त्यांचाही रोजचा संबंध. माणूस मोठा वक्तशीर. सगळ्यांच्या आधी आले, पहिली सही केली आणि साइटवर तातडीचं काम आहे म्हणून चहा घेऊन गेले.

पहिला दिवस प्रार्थना, राष्ट्रगीत आणि मान्यवरांच्या स्वागतात गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कितोगोचा मोठा नकाशा लावला. जिथं निसर्ग हवा तिथं प्रत्येकानं कागदाचं हिरवं पान चिकटवायचं होतं. आम्ही मन लावून चिकटवत होतो. एवढी हिरवी कितोगो मी जन्मात पाहिली नव्हती.

तेवढ्यात जज्जाचा फोन वाजला. रस्त्यावरच्या चपातीवाल्याचा होता. ऐकता ऐकता ती उभी राहिली.

"तीन ट्रक लागलेत! उठा गं, उठा!"

बायका अर्धवट उठल्या. आतुहाइरेबाई शांतपणे म्हणाल्या, "जज्जा, सत्र चालू आहे. मधेच उठणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही. आणि प्रमाणपत्र नसेल तर पाणथळीबद्दल बोलता येणार नाही."

"सत्र कशावर आहे?"

"अतिक्रमण होत असताना लोकांनी काय करावं."

"मग तेच करायला निघालेय ना!"

"ते उद्याच्या सत्रात आहे."

बायका परत बसल्या. जज्जानं माझ्याकडे पाहिलं. "चिटणीसबाबा, चार वर्षांचा होतास तेव्हा त्या पाण्यातून तुला मीच ओढून काढलं होतं. तू तरी ऊठ."

खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. पण जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांवर आली होती आणि शेंगदाण्याच्या रश्श्याचा वास सुटला होता. मी खाली बघून एक पान चिकटवलं.

जज्जा भाड्याच्या मोटारसायकलवर बसून एकटीच गेली. एकटीनंच कॅन बडवला. ऐकणारे सगळे हॉटेलात होते. मग ती एकटीच वाटेवर बसली. ट्रकचा ड्रायव्हर सभ्य होता. "जज्जा, ऊन लागेल," म्हणत त्यानं तिला अलगद उचलून सावलीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही प्रमाणपत्रं घेऊन परतलो, तर पपायरसच्या जागी तांबडी सपाट जमीन. कडेला जज्जा मांडीवर विळा घेऊन बसली होती. मी जवळ गेलो.

"आता यानं काय कापू रे?" तिनं विचारलं. तो विषय अभ्यासक्रमात नव्हता.

आता जरा पाऊस झाला की पाणी घरात शिरतं, सगळ्यात आधी जज्जाच्या. कार्यक्रम मात्र यशस्वी ठरला. वस्तीतल्या दोनशे बारांपैकी दोनशे अकरा जण शेवटपर्यंत बसून राहिले. एका वृद्ध महिलेनं सहभागास नकार दिला, असं अहवालात नमूद आहे. पुढची कार्यशाळा कामोगासाहेबांच्या नव्या जागेवर, मांडव घालून. तिथं आता डास नाहीत.

तुम्हाला जज्जाबद्दल वाईट वाटत असेल. वाटू द्या, आम्हा दोनशे अकरा जणांनाही वाटलं होतं. पण काळजी करू नका, तुमचं नाव तिच्या रकान्यात जाणार नाही. तुम्हीही शेवटपर्यंत बसून होता, एकदाही उठला नाहीत. तुमचं प्रमाणपत्र तयार आहे.