मखमल चाचपणारे अप्पा

लग्नात लोक नवरदेवाला आहेर देतात. आमचे वामनअप्पा त्याच्या कोटावरून हात फिरवतात. बारडोलीच्या एका लग्नात मखमली कोट दिसला आणि अप्पा थेट स्टेजवर. आधी सुलटा हात, मग उलटा. नवरदेव गुदगुल्यांनी वाकला, करवली धावून आली.

"भाऊ, हलू नका," अप्पा शांतपणे म्हणाले, "उजेड कुठे अडतो ते बघतोय."

मी त्यांना ओढत जिलबीकडे नेलं.

अप्पा मूळचे अमळनेरकडचे. उमेदीची वर्षं सुरतेत मखमल विणण्यात गेली. लूम बंद पडला तसे ते आमच्या कॉलेजच्या सौर प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. मी तिथला क्लार्क. प्रयोगशाळेत काचेवर सिलिकॉनचा थर देतात, इतका पातळ की ऊन त्यातून आरपार निघून जातं. वीज व्हायला थांबतच नाही. ते अडवायला संशोधक हेतल थराखाली केसाहून कितीतरी बारीक उंचवटे करत होती. वर्षभर विजेचा आकडा काही हलेना. एके दिवशी तिने संशोधन सोडायचा अर्जच लिहिला.

अप्पांनी तिच्यासमोर मखमलीचा तुकडा ठेवला.

"ही एवढी काळी का दिसते? लव कशीही उभी-आडवी, आत शिरलेल्या उजेडाला बाहेरची वाट सापडत नाही. तुझे उंचवटे फार शिस्तीचे आहेत. थोडे बिघडव."

"साचुं कहो छो, अप्पा?" हेतलला ते खरं वाटेना.

"लूमवर वेगळं काय शिकलो?"

हेतलने बिघडवले. तीन आठवड्यांनी आकडा असा चढला की प्रयोगशाळेच्या सरांनी स्वतः सुरतेची तुपाळ घारी वाटली आणि पोरींनी मशीनभोवती गरबा धरला. फोटोच्या वेळी अप्पाच गायब.

ते मागच्या जिन्यावर सापडले. फोनवर मुलगी होती, सुनंदा. बारावीला सायन्सला पहिली आलेली; पुढे शिकायचं म्हणत होती, पण अप्पांनी त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं होतं.

"आठे एक पोर शे, तुन्यासारखीच हट्टी," अप्पा आपल्या अहिराणीत इथल्या हेतलबद्दल सांगत होते. मग आवाज खाली गेला. "तुले शिकाडाले पाहिजे व्हतं, बेटा. मनं चुकनं."

अप्पा जिन्याचा कठडा धरून उभे होते. मग तिने जेवणाचं विचारलं असावं.

"हां," अप्पा डोळे पुसत म्हणाले, "जेवनू ना."

दुपारचे तीन वाजले होते, आणि त्यांचा डबा पायरीवर न उघडलेला पडला होता.