साहेबांच्या राजाला सोबत

तुयेच्या कारखान्यात गुरुदास गोदाम सांभाळायचा, आणि एकटाच सांभाळायचा. जेवायला बसला की फाटकाशी ट्रक हजर! हाताखाली एक माणूस द्या, म्हणून मॅनेजर इनामदार साहेबांना तो वर्षभर विनवत होता, आणि साहेब "बघू" म्हणत होते. त्यामुळे साहेब महिन्याच्या रजेवर कोल्हापूरला निघाले आणि त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा गुरुदास पटकन म्हणाला, "साहेब, आमच्या घरी ठेवा!" (टाकीत जिवंत पोवळी होती आणि 'राजा' नावाचा एकच निळा मासा. खायचा नसलेला मासा पेडण्यातल्या त्या घरात प्रथमच येत होता.)

दोन दिवसांत गुरुदासला वाटू लागलं, राजा उदास आहे. ह्याला सोबत आणली तर साहेब खूश होतील, मग आपल्यालाही सोबत मिळेल. विकतचं श्राद्ध म्हणतात ते हेच, पण ते त्याला तेव्हा कुठलं कळायला! तो म्हापशाला शोभेच्या माशांच्या दुकानात गेला आणि राजाचं वर्णन केलं.

"तसो शांत मासो," दुकानदार रामचंद्र म्हणाला, "पूण आपल्या जातीचो दुसरो ताका सोसना. वेगळ्या रंगाचो, वेगळ्या आकाराचो व्हरा."

"म्हणजे परको चलता आनी घरचो चलना?"

"तेंच."

गुरुदासचं डोकं गरगरलं. आजवर त्याने नात्यातल्या सोयरिकी जुळवल्या त्या नेमक्या उलट्या रीतीने. हा महागातला मासा गळ्यात मारतोय की काय? त्याने बायकोला, शेवंतीला, फोन लावला.

"तो पिसो काय सांगता?" दुकानदाराला वेड्यात काढत शेवंती कडाडली. "आपल्यातलोच हाडा. भायलो घरात घेतल्यार रोज झगडीं!"

आपल्यातलाच आणायचा, हे त्याला पटलं. हुबेहूब राजासारखा दुसरा निळा मासा घरी आला.

पाण्यात सोडताक्षणी दोघांची जुंपली. शेपटीजवळच्या काट्यांनी एकमेकांना ओरबाडू लागले. गुरुदासने दिवा मालवला, खाणं टाकलं, शेवटी हात जोडले, पण भाऊबंदकी काही मिटेना. शुक्रवारी सकाळी एक निळा मासा पोट वर करून तरंगत होता. कुठला? दोघांत तिळाचा फरक नव्हता. राजा मेला असेल तर हाताखालचा माणूस राहिला बाजूला, असलेली नोकरीही जायची.

"मेलो तो आमचो," शेवंतीने निकाल दिला. "जितो आसा तो सायबाचो."

रजा संपवून साहेब आले. काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"वा! राजा गुटगुटीत झालाय," साहेब म्हणाले. "ह्याच्या जोडीला आणखी एखादा आणावा, असं मनात नाही ना आलं?"

"छे छे साहेब!" गुरुदासला एकदम स्फूर्ती आली. "काहीजण एकटेच बरे असतात. दुसरा आला की जागेवरून मारामारी. एकट्याला कसं, सगळं मोकळं!"

"शाब्बास!" साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "अरे, सोमवारपासून गोदामात तुझ्या जोडीला माणूस देणार होतो. बरं झालं, आधी विचारलं!"